मामाचा कॉम्प्युटर, आजीची भिशी

गेल्या दिवाळीत मी मामाचा कॉम्प्युटर मारला. अक्षरशः. पाच सेकंदांत.

बेळगावला मामाकडे गेले होते. माळा आवरताना थर्माकोलच्या खोक्यात एक काळी पाटी सापडली. वहीपेक्षा लहान, वर राखाडी रबरी बटणं, उजव्या कोपऱ्यात इंद्रधनुष्याचे पट्टे. मामा दहावीत असताना, १९८५ मध्ये, शेजारच्या दादाने इंग्लंडहून आणून दिलेला झेडएक्स स्पेक्ट्रम. खोक्यात एक कॅसेटही होती. त्यावर निळ्या शाईत मामाचं शाळकरी अक्षर: 'भिशी ८६'.

आजीच्या भिशीचा हिशेब ठेवायला मामाने तेव्हा स्वतः प्रोग्रॅम लिहिला होता. त्याची हीच एक प्रत.

मूळ अ‍ॅडॉप्टरची वायर उंदरांनी खाल्ली होती. मी घरातलाच एक अ‍ॅडॉप्टर शोधला, जुन्या राउटरचा. त्यावर ९ व्होल्ट लिहिलेलं, स्पेक्ट्रमलाही ९ व्होल्टच लागतात, पिनही बसली. मग अडचण काय? लावला. या कॉम्प्युटरला चालू-बंद करायचं बटणच नाही, पिन घातली की तो चालू. एक बारीक 'टिक' ऐकू आलं आणि पाठोपाठ जळका वास.

मामा 'असू दे गं' एवढंच म्हणाला आणि फराळाचं ताट घेऊन आत गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

तर ज्यांच्या माळ्यावर असं काही असेल त्यांनी आधी हे वाचा. अ‍ॅडॉप्टरच्या पोटावर एक छोटं चित्र असतं: मध्ये ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन्ही बाजूंना अधिक आणि उणे. आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये पिनच्या आतलं टोक अधिक असतं. स्पेक्ट्रममध्ये उलटं, आतलं टोक उणे. म्हणजे व्होल्ट बरोबर, पिन बरोबर, तरी वीज उलटी शिरली. त्या चित्राकडे मी पाहिलंही नव्हतं. इंग्रजीत बीए केलेल्या मुलीने वाचायचं सोडून सगळं केलं होतं.

मामाच्या गल्लीत एक टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत. दुकान आता नावालाच उघडतात. भाऊबीज झाल्यावर मी खोकं घेऊन त्यांच्याकडे गेले. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी डबा नाकाशी धरला.

"ट्रान्झिस्टर गेलाय बघ," ते म्हणाले. मग हसून, "पण वासावर भरवसा ठेवायचा नाही. मोजायचं."

हे 'मोजायचं' मला पुढचे दोन महिने पुरलं.

जरा यंत्राबद्दल सांगते. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. १६ केबीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. सामान्य घरात, टीव्हीला जोडून चालेल असा तो कॉम्प्युटर होता. प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवायचे. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला, त्यामुळे तुमच्या एखाद्या काकाकडेही निघू शकतो. ४८ केबी म्हणजे किती? तुमच्या फॅमिली ग्रुपवरच्या सकाळच्या एका फुलाच्या फोटोला कदाचित पुरणार नाहीत.

पण याच गरिबीमुळे तो दुरुस्त करता येतो. आजच्या फोनमध्ये काय बिघडलं ते फोन बनवणाऱ्यालाच कळणार. स्पेक्ट्रमच्या बोर्डावर प्रत्येक भागाचं नाव छापलेलं आहे, पाय डोळ्यांनी दिसतात आणि साध्या मल्टिमीटरने त्याला प्रश्न विचारता येतात. फक्त ते क्रमाने विचारायचे.

काकांचा पहिला प्रश्न: वीज कुठपर्यंत पोचते?

स्पेक्ट्रमच्या आत ९ व्होल्टपासून तीन वेगळे दाब तयार होतात: ५, १२ आणि उणे ५. पाचाचं काम ७८०५ नावाचा तीन पायांचा भाग करतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बांधलेला असतो आणि चांगलाच तापतो. बाकीच्या दोन दाबांसाठी एक गुंडाळी आणि दोन ट्रान्झिस्टरचं छोटं मंडळ आहे. हे तिन्ही दाब कुठे मोजायचे? खालच्या १६ केबीच्या मेमरीत ४११६ नावाच्या आठ चिपा आहेत. त्यातली कोणतीही एक घ्या. तिच्या चार कोपऱ्यांतले चार पाय म्हणजे हे तीन दाब आणि चौथा ग्राउंड. खोलीचे चार कोपरे तपासावेत तसं.

आमच्याकडे ५ होते. १२ च्या जागी भलताच आकडा, आणि उणे ५ गायब. दोन ट्रान्झिस्टरपैकी 'टीआर४' छापलेला गेला होता. काकांचं नाक बरोबर होतं, पण मोजलं नसतं तर पुढची गोष्ट लक्षात आली नसती. या ४११६ चिपांना उणे ५ मिळाले नाहीत आणि दुसरे दाब मिळत राहिले, तर त्या स्वतःच जळतात. म्हणजे एक ट्रान्झिस्टर मेला की तो जाताना मेमरीलाही सोबत नेऊ शकतो. म्हणूनच 'चालतोय का बघू' म्हणून पुन्हा पुन्हा पिन लावणं हा सगळ्यात महाग प्रयोग. मी तो रात्री सगळे झोपल्यावर तीनदा केला होता. काकांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.

सुट्टी संपवून मी बंगळूरला परतले ती खरेदीची यादी घेऊन. एसपी रोडच्या दुकानांत दोन शनिवार घालवले. ट्रान्झिस्टर मिळाला, कपॅसिटर मिळाले (जुने गोल कपॅसिटर आतून सुकतात, चाळीस वर्षांनी ते बदललेलेच बरे). ४११६ चिप मात्र कुणाकडे नव्हती, एका दुकानदाराने तर नंबर ऐकून माझं वय विचारलं. शेवटी ऑनलाइन चार मागवल्या. त्यातली एक मेलेलीच आली.

पुढच्या खेपेला बेळगावात ट्रान्झिस्टर बदलला. तिन्ही दाब आले. मामा दुकानात येऊन स्टुलावर बसला होता, पण खोक्याकडे न बघता पेपर वाचत होता.

आता दुसरा प्रश्न: तो दिसणार कुठे? स्पेक्ट्रम टीव्हीला अँटेनाच्या तारेतून, एखाद्या चॅनेलसारखं चित्र पाठवतो. आजच्या अनेक टीव्हींना ते पकडताच येत नाही. काकांनी चित्राचा कच्चा सिग्नल थेट बाहेर काढला आणि टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला जोडला. दहा मिनिटांचं काम. ते करता येत नसेल तर 'पडद्यावर काही येत नाही म्हणजे कॉम्प्युटर मेला' असा निकाल देऊ नका. कित्येकदा तो आत जिवंत असतो आणि आपल्याला दिसत नसतो.

पडदा उजळला. रंगीत चौकोनांची गोधडी. आणि तिच्यावर ठरावीक अंतराने उभ्या बारीक रेषा.

मला वाटलं संपलं. काका मात्र खूश झाले. "आता तो बोलायला लागला," म्हणाले.

त्या रेषांची गंमत सांगते, कारण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. आठ बिट मिळून एक बाइट होतो. स्पेक्ट्रममधल्या त्या आठ चिपा प्रत्येक बाइटचा एकेक बिट सांभाळतात. जसं आठ जणींनी मिळून एकच गाणं म्हणायचं, पण प्रत्येकीने आपला एकच शब्द. एक जण गप्प झाली की दर ओळीत तोच शब्द गळणार. पडद्यावरचं चित्रही याच मेमरीत असतं. म्हणून एक चिप मेली की दर आठ ठिपक्यांमागे एक ठिपका चुकतो आणि पडद्यावर उभी रेष दिसते. आठातला कितवा ठिपका ते मोजलं की कोणती चिप हेही कळतं.

खात्रीसाठी काकांनी बोट लावून पाहिलं. या चिपा सगळ्याच कोमट होतात, पण एक चटका देत होती. आणखी एक युक्ती असते, संशयित चिपेवर चांगली चिप पाय जुळवून नुसती टेकवायची, चित्र सुधारलं तर चोर सापडला. आमची चिप आतून शॉर्ट झाली होती, त्यामुळे ही युक्ती चालली नाही. ती काढताना काकांनी मला पक्कड दिली. "पाय काप. आख्खी उपटायला जाशील तर बोर्डावरची रेघ उचकटेल. चिप दुसरी मिळते, बोर्ड नाही मिळत." सोळा पाय एकेक कापले, उरलेले तुकडे डाग तापवून काढले, जागी सॉकेट बसवलं, त्यात नवी चिप.

पिन लावली. पडदा काळा झाला आणि त्यावर क्षणभर बारीक लाल उभ्या रेषा आल्या. माझ्या पोटात गोळा. पण या रेषा चांगल्या असतात: चालू होताना स्पेक्ट्रम स्वतःच मेमरीच्या प्रत्येक खणात २ हा आकडा लिहून तो परत वाचून बघतो, त्याचंच ते दृश्य. मग पडदा पांढरा, आणि खाली एक ओळ: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड.

मामाने पेपर खाली ठेवला.

तो उठला, बटणांवर बोटं ठेवली. काहीच झालं नाही. म्हणजे काही बटणं चालत होती, पण एंटर नाही. एंटर नसेल तर पुढे काय करणार? काकांनी प्रत्येक बटण दाबून कागदावर खुणा केल्या. बंद बटणं निघाली आठ: डावीकडची १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट आणि उजवीकडची ०, पी, एंटर, स्पेस. दोन्ही कडांचे रकाने. बटणं ४०, पण त्यांच्या तारा फक्त १३, पाच आणि आठच्या दोन पट्ट्यांत. या आठ बटणांची तार एकच. म्हणजे बटणं चांगली होती, पट्टीतली एक रेघ तुटली होती. या प्लास्टिकच्या पट्ट्या वयाने पापडासारख्या होतात आणि डबा उघडताना वरचा भाग जोरात उचलला तरी मोडतात. तडा टोकाशीच होता. काकांनी कात्रीने तीन-चार मिलिमीटर टोक कापून पट्टी पुन्हा खोचली. हा तात्पुरता उपाय. तसा नवा पडदा आजही बनतो आणि मिळतो, तो मी नंतर मागवला.

एंटर चालू झाल्यावर मामाने कुणाला न विचारता एक ओळ टाइप केली: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. चाळीस वर्षांनी, पाठ! उत्तर आलं ६५५३५. "पूर्ण ४८ केबी आहेत," तो म्हणाला. उत्तर ३२७६७ आलं असतं तर वरची ३२ केबी मेमरी मेलेली. तरी यंत्र निमूट १६ केबीचं म्हणून चालू झालं असतं आणि आम्हाला वाटलं असतं सगळं ठीक आहे.

उरली कॅसेट. इथे मात्र मी घाई केली नाही. आधी टेपरेकॉर्डरचा पट्टा तपासला (वितळून डांबर झाला होता, बदलला), हेड साफ केलं, कॅसेट एकदाच वाजवून आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतला. कारण जुनी फीत किती वेळा वाजेल सांगता येत नाही. मग जे दाबून लोड, दोन अवतरणचिन्हं, एंटर. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे सरकले, मग निळे-पिवळे, आणि मध्येच 'टेप लोडिंग एरर'. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा काकांनी हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवला, आवाज किरकिरा होता तो स्वच्छ झाला आणि त्या स्थितीत पुन्हा रेकॉर्ड केलं.

या वेळी पट्टे शेवटपर्यंत गेले.

पांढऱ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत बारा बायकांची यादी आली. महिना ५० रुपये. प्रत्येकीपुढे किती हप्ते भरले आणि किती बाकी. अकरा जणींपुढे शून्य. बाराव्या नावापुढे: बाकी ५०. बारावं नाव आजीचं.

मामाने तिथूनच घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आजी आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मी दिले होते," ती म्हणाली. "तूच लिहून ठेवले नाहीस. तेव्हाही सांगत होते."