मतांचे गणित डोळ्यांना दिसू द्या

ब्रिटनमध्ये जुलै २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षास सुमारे ३४ टक्के मते पडली आणि ६५० पैकी ४११ जागा त्याच्या पदरात आल्या. आपल्याकडेही निराळे घडत नाही. पहिल्या लोकसभेत काँग्रेसने ४५ टक्के मतांवर ४८९ पैकी ३६४ जागा मिळविल्या. २०१४ साली भारतीय जनता पक्षाने ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२. त्याच वेळी बहुजन समाज पक्षास देशभरात चार टक्क्यांहून अधिक मते मिळूनही एकही जागा लाभली नाही.

यात कोणाची लबाडी नाही. ज्यास सर्वांत अधिक मते तो विजयी, हा आपण पत्करलेला नियमच तसा आहे. परंतु हे गणित सुशिक्षितांसही नीटसे उमगलेले नसते, आणि मग पराभवाचे खापर मतदाराच्या अज्ञानावर फोडून आपण मोकळे होतो.

येथे हलत्या चित्रांचे साह्य मोलाचे ठरावे. सी. जी. पी. ग्रे यांनी २०११ साली प्राण्यांच्या राज्यातील निवडणुकीची एक छोटी चित्रफीत काढली. मत वाया जाऊ नये म्हणून प्रजा बलिष्ठ पक्षांकडे कशी सरकते व अखेर दोनच पक्ष कसे उरतात, हे तीत पाहता पाहता कळते. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले ते दुसऱ्या पसंतीच्या मतांची मोजणी झाल्यावर. एका गठ्ठ्यातील मते दुसऱ्यात कशी जातात, हे शब्दांनी सांगताना प्राध्यापकही अडखळतात. चित्रातून ते शाळकरी मुलासही समजेल.

मात्र चित्राची मोहिनी दुधारी असते. केवळ प्रचलित पद्धतीचे दोष रंगविले, तर ते शिक्षण नसून प्रचार होय. या पद्धतीत मतदारसंघास जाब विचारण्याजोगा एक प्रतिनिधी लाभतो व सरकारास बहुधा स्थैर्य मिळते, हेही दाखविले पाहिजे. न्यूझीलंडने १९९६ पासून मतांच्या प्रमाणात जागा देण्याची पद्धत स्वीकारली. तेव्हापासून २०२३ पर्यंतच्या निवडणुकांत एका पक्षास स्पष्ट बहुमत मिळाले ते २०२० साली एकदाच. लाभ कोणता आणि त्याची किंमत कोणती, हे मतदारानेच तोलावे.

नाव नोंदवा, मत द्या, असे निवडणूक आयोग आवर्जून सांगतो. दिलेल्या मताचे पुढे काय होते, हे सांगणाऱ्या निःपक्ष चित्रफिती मराठीसह सर्व भाषांत काढून त्या शाळा-महाविद्यालयांतून दाखविण्याचे कार्यही त्याने हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.