गोचीड चावली? एका गोळीपेक्षा चौदा दिवस लक्ष ठेवा

शेतातून किंवा गोठ्यातून आल्यावर कानामागे, काखेत घट्ट चिकटलेली गोचीड सापडते. इंटरनेटवर शोधले की ‘लाइम’ आजाराचे नाव समोर येते. ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लीनचा एकच डोस घ्या, असा सल्लाही मिळतो. हा सल्ला अमेरिकेसारख्या लाइमग्रस्त भागांसाठी आहे. वऱ्हाडातला धोका वेगळा आहे.

अकोल्याने काय दाखवले?
गोचिडीतून रिकेट्सिया जंतू शरीरात जातो आणि ‘स्पॉटेड फीवर’ होतो. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी हा ताप लवकर ओळखण्यासाठी लक्षणे व साध्या तपासण्यांवर आधारित गुणपद्धती २०११ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये मांडली. गोचिडीशी आलेला संपर्क हा त्यातला एक मुद्दा आहे.

चावल्यावर काय करावे?
- बारीक चिमट्याने गोचीड त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. रॉकेल, चुना, विडीचा चटका नको.
- जागा साबणाने धुवावी, तारीख लिहून ठेवावी.
- रिकेट्सिया टाळण्यासाठी आधीच गोळी घेण्याची शिफारस नाही. चौदा दिवस तापावर लक्ष ठेवावे.
- ताप, डोकेदुखी, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि गोचीड चावल्याचे आपणहून सांगावे.

चूक कुठे होते?
पावसाळ्यात ताप आला की मलेरिया, डेंग्यू, टायफॉइडच्या तपासण्या होतात. गोचिडीचा प्रश्न मात्र राहून जातो. पेनिसिलीन व सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे या जंतूवर चालत नाहीत. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून अहवालाची वाट न पाहता डॉक्टरांनी संशयावरूनच डॉक्सीसायक्लीन सुरू करायचे असते. लहान मुलांनाही तेच औषध दिले जाते. औषध स्वस्त आहे. उशीर मात्र जिवावर बेततो.

अमरावती, अकोल्यात घरोघरी गुरे, शेळ्या, कुत्री आहेत. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तापाच्या प्रत्येक केसपेपरवर ‘गोचीड चावली का?’ हा रकाना हवा. आशाताईंनाही हाच प्रश्न विचारायला शिकवावे. पशुसंवर्धन विभागाची गोचीड निर्मूलन मोहीमही माणसांच्या आरोग्याशी जोडली पाहिजे. एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही. तो न विचारण्याची किंमत मात्र एखादे लेकरू मोजते.