डोक्यावरचे पोलाद

मंगल कार्यालयात शिरल्यावर मंडळी नवरानवरीकडे पाहतात. मी वर छपराकडे पाहतो. छपरांची आकडेमोड करण्यात आयुष्य गेले, त्याला इलाज नाही! भल्याथोरल्या कैच्या सर्वांनाच दिसतात. पण एका कैचीवरून दुसऱ्या कैचीवर आडव्या गेलेल्या, पत्र्यांचा भार अंगावर घेणाऱ्या पोलादी पर्लिनींना कोणी विचारत नाही. खर्चाची खरी मेख मात्र तिथेच असते.

हिशेबच पाहा ना. हॉल 15 मीटर रुंद, 30 मीटर लांब आणि दर 5 मीटरवर एक कैची. पर्लिनी दीड दीड मीटरवर टाकल्या तर दोन्ही पाख्यांवर मिळून 12 ओळी, म्हणजे 360 मीटर पोलाद झाले. नेहमीचा 100 मिलिमीटर उंचीचा चॅनेल मीटरला साडेनऊ किलो भरतो; एकूण सुमारे 3,400 किलो. त्याऐवजी 2 मिलिमीटर जाडीचा पत्रा झेड आकारात वाकवून 200 मिलिमीटर उंचीची पर्लिन केली, तर मीटरला पावणेसहा किलोही लागत नाहीत. आणि भार पेलण्याची ताकद चॅनेलहून कमी नाही! यात जादू नाही. फळी आडवी टाकली तर वाकते, तीच उभी धरली तर वाकत नाही, हे कोणताही सुतार सांगेल. उंचीच काम करते.

झेडचा आणखी एक गुण आहे. दोन पर्लिनींची टोके कैचीवर एकमेकींत चपखल बसतात. अखंड पर्लिनीवर सर्वांत जास्त ताण कैचीपाशीच येतो, आणि नेमके तिथेच पोलाद दुप्पट होते. शेवटच्या गाळ्यात मात्र ताण अधिक, म्हणून तिथे पत्रा जाड घ्यावा लागतो. टोके चढवण्यात जाणारा माल धरूनही टनभर पोलाद सहज वाचते.

इथवर ऐकून समितीचे चिटणीस खूश होतात आणि विचारतात, “मग या मधल्या सळ्या कशाला? त्याही काढू!”

इथे मात्र मी हट्टाला पेटतो. पातळ पर्लिन उंच असली तरी बाजूला कलते, पीळ खाते. त्या सळ्या तिला सरळ धरतात. शिवाय छप्पर खाली पडण्याचीच भीती आपल्याला वाटते. वारा तर ते वर ओढतो! पुण्यासाठी आपल्या मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. त्याचा दाब दर चौरस मीटरला नव्वद किलोंच्या वर जातो, आणि पत्रा व पर्लिन मिळून वजन जेमतेम दहा किलो! वर ओढ बसली की पर्लिनीची खालची कड दाबली जाते, आणि तिला आधार द्यायला तिथे पत्रा नसतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कितीतरी घरांची नि शाळांची छपरे उडाली, ती या ओढीनेच.

तेव्हा हॉल बांधायला निघालेल्या मंडळींनो, किलो जरूर वाचवा. पण आकार बदलून वाचवा. सळ्या, स्क्रू आणि बोल्ट यांना हात लावू नका. पोलादाचे बिल एकदाच येते. वारा दरवर्षी येतो.