भाजीची वाट आणि व्यवस्थापनाची विद्या

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सीमा बंद झाल्या, बेळगावची भाजी घाटापलीकडे अडकली आणि गोमंतकातील घरोघरच्या टोपल्या रित्या राहिल्या. पुरवठा-साखळीचा धडा गृहिणींनी तेव्हा पदव्युत्तर वर्गात न बसताच गिरवला. रायबंदर येथे १९९३ साली स्थापन झालेली गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आज सत्तरीच्या परिसरात आहे. तेथील विद्यार्थ्यांनी जगातील बंदरांचा अभ्यास अवश्य करावा. परंतु म्हापशाच्या बाजारातील भाजी कोठून येते, वाटेत किती नासते, पिकविणाऱ्याच्या पदरी काय पडते, हेही मोजावे. अशा प्रबंधांची मागणी सरकारनेच केली पाहिजे. घाट बंद असतानाही चूल पेटती ठेवील, तीच व्यवस्थापनाची खरी विद्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.