मूळ इमेजमध्येच मराठी हवी

लॅबमधले सगळे पीसी एकसारखे का दिसतात? एका मशीनवर विंडोज नि सॉफ्टवेअर नीट बसवायचं, त्याची इमेज घ्यायची आणि क्लोनझिलासारख्या साधनाने नेटवर्कवरून सगळीकडे एकदम उतरवायची. मल्टिकास्ट असेल तर एकदाच पाठवलेला डेटा सगळ्यांना पुरतो. सोय मोठीच, पण मूळ इमेजमध्ये जे राहिलं, ते सगळीकडेच राहतं.

मी मराठी कीबोर्ड चालू करते, पुढची इमेज येते नि तो जातो. मग मंडळाचे लेख आपण फोनवर टाइप करत बसतो. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आधीपासून आहे, पैसे लागत नाहीत. इमेज घेण्याआधी सगळ्या युझर्ससाठी तो एकदा चालू करायचा, बस्स. सुट्टीत नवी इमेज बनेल तेव्हा लॅबच्या सरांशेजारी आपल्यातलं कुणीतरी बसायला हवं.