धाड आली, की लागण झाली?



मागे एकदा एक तरुण शेतकरी सकाळी सकाळीच दारात उभा राहिला. म्हणाला, "साहेब, कपाशीवर धाड आली. जबर औषध सांगा." मी त्याच्याबरोबर शेतात गेलो. आम्ही वीस झाडांची पाने उलटून पाहिली. मावा होता, पण पानामागे चार-पाच. त्याच पानांवर ढालकिडेही फिरत होते आणि मावा खात होते. मी म्हणालो, "भाऊ, ही धाड नव्हे. ही लागण आहे, आणि तीही सुरुवातीची. आज औषध नको." तो हसून म्हणाला, "साहेब, नावात काय आहे? कीड ती कीड."

नावात पुष्कळ आहे, मंडळी. आज तेच सांगायचे आहे.

धाड हा आपला जुना शब्द. दरोडेखोर किंवा शत्रू टोळीने एकाएकी गावावर तुटून पडत, लुटालूट करीत आणि निघून जात, ती धाड. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१८ च्या सुमारास झाला, पण त्यांच्या धाडींच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पुढेही कितीतरी वर्षे राहिल्या. गावकूस आणि गढी ही त्या भीतीचीच खूण. आज पोलीस जुगाराच्या अड्ड्यावर धाड घालतात. घरात आई पोराला रागावून विचारते, "तुला काय धाड भरली?" म्हणजे तुझ्यावर असे कोणते संकट कोसळले?

प्रत्येक संकटाला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. बिबट्या शेळीवर झडप घालतो. काळ एखाद्या घरावर घाला घालतो. फौज चाल करून येते. धाड म्हटली की तीन गोष्टी आल्याच. ती बाहेरून येते, एकाएकी येते आणि संख्येने येते. अशा वेळी एकट्याचे काम नसते, सारा गाव उठावा लागतो.

किडींमध्ये हे नाव खरे शोभते ते टोळांना. २०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळ मध्य प्रदेशातून अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडे आणि तेथून नागपूर जिल्ह्यात काटोलकडे उतरले, हे पुष्कळांना आठवत असेल. टोळ वाऱ्याबरोबर उडतो आणि एका दिवसात शंभर-दीडशे किलोमीटर जाऊ शकतो. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात, आणि प्रत्येक टोळ रोज आपल्या वजनाइतका हिरवा पाला खातो. म्हणून लोकांनी थाळ्या, डबे, ढोल वाजवले, धूर केला. संध्याकाळी थवा झाडांवर बसला की रात्री आणि पहाटे अग्निशमन गाड्यांनी फवारणी केली. ती धाड होती, आणि तिला धाडीचेच उत्तर हवे होते.

पण मावा, तुडतुडे, फुलकिडे, बोंडअळी यांची गोष्ट वेगळी. या किडीची आपल्याच शेतात पिल्ले होतात, ती हळूहळू वाढते. तिला लागण म्हणावे किंवा प्रादुर्भाव म्हणावे. तिच्यासाठी ढोल नको, मोजणी हवी.

हे मला शहाणपण म्हणून सुचलेले नाही, चुकीतून कळले आहे. २०१७ साली मी एका गावच्या फलकावर खडूने लिहिले होते, "कपाशीवर तुडतुड्यांचा हल्ला. ताबडतोब फवारणी करा." मोजणीचा एक शब्दही लिहिला नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. हल्ला म्हटल्यावर लोक घाबरले. कुणी दोन-दोन औषधे एका पंपात मिसळली. ओळखीच्या एका घरचा सालगडी उघड्या अंगाने दिवसभर फवारत राहिला. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात वेळेवर नेले म्हणून तो वाचला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. त्यांच्या घरी आजही पोळा साजरा होतो, पण एक माणूस कमी असतो. फलकावरचा तो शब्द मी नंतर पुसला. मनातून मात्र पुसला गेला नाही.

म्हणून यापुढे असे करा. एकरात फिरून वीस झाडे निवडा. प्रत्येक झाडाची वरचे, मधले, खालचे अशी तीन पाने तपासा. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे किंवा दहा मावा किंवा दहा फुलकिडे भरले, तरच फवारणीचा विचार करा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी दिसली, तर उपायाची वेळ झाली असे समजा.

नाव उलट बाजूनेही फसवते. मक्यावरच्या लष्करी अळीचे नाव ऐकून माणूस फौजेची वाट पाहत बसतो. ही अळी २०१८ मध्ये आपल्या राज्यात आली. ती फौज घेऊन येत नाही. पतंग रात्री गुपचूप पानावर अंडी घालतो, लहान अळ्या पान खरवडतात आणि मग पोंग्यात शिरतात. मका लहान असताना शंभरात पाच झाडांवर खरवडल्याच्या खुणा दिसल्या की पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. फौज दिसेपर्यंत थांबलात तर पोंगा गेलाच.

आणि घरातल्या माउलींना एक विनंती. धनी पंप घेऊन निघाला की त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला मास्क, हातात मोजे आहेत का ते पाहा. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल असेल तर ते सर्वांत जहाल विष समजा. फवारणाऱ्याला चक्कर, मळमळ वाटली तर काम थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि डब्यासह त्याला दवाखान्यात न्या.

तो तरुण आठ दिवसांनी पुन्हा भेटला. ढालकिड्यांनी मावा बराच कमी केला होता. औषधाचे पैसे वाचले होते. म्हणाला, "साहेब, आता आधी मोजतो, मग नाव ठेवतो."

मंडळी, तुम्हीही तेच करा.