वाचक जोडायचे, पण कशाच्या बळावर?



आपल्यातल्या ज्या जणी नव्याने लिहायला लागल्या आहेत, त्या हल्ली एकच विचारतात, "ताई, वाचक कसे वाढवायचे?" प्रश्न योग्यच आहे. कुणी वाचणारच नसेल तर वहीत लिहिलेलं काय वाईट? पण वाचक वाढावेत म्हणून आपण काय करणार नाही, हे आधी ठरवायला हवं, असं माझं मत आहे.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' बघा. १९७० साली आलेलं हे पुस्तक अजून नव्या सुनेच्या हाती दिलं जातं. कशामुळे? मला वाटतं, मापांमुळे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. म्हणजे पुस्तक आलं तेव्हा बायका अजून शेर-पावशेर आणि किलो यांच्या मध्येच अडकलेल्या होत्या. शिवाय तराजू किती स्वयंपाकघरांत असतो? कमलाबाईंनी माप दिलं वाटी-चमच्याचं. वाटी लहान असो की मोठी, पीठ आणि साखर त्याच वाटीने मोजली की प्रमाण बिघडत नाही. 'अंदाजाने घाला' म्हणणाऱ्या सासूबाईंपुढे गप्प उभ्या राहणाऱ्या मुलीला पुस्तकाने धीर दिला. वाचक असा जोडला जातो. तिच्या घरात जे आहे, त्यावरून बोलावं लागतं.

आता आपल्या घरात काय आहे? कांदा-लसूण आणि कंदमुळं नाहीत एवढं सगळेच लिहितात. पण पिठाची मर्यादा पाळणारी बाई भाजणीची कृती वाचताना पहिल्यांदा काय बघते? किती दिवसांची करायची ते. पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. "महिन्याभराची करून ठेवा" असं लिहिलंत की ती तिथेच थांबते. दहीवड्याची कृती दिलीत तर द्विदल टाळणारीला काही उपयोग नाही. तेव्हा एक ओळ जास्त लिहा, एका वेळेपुरतं प्रमाण द्या. "सगळ्यांना चालेल असं लिहा" हा सल्ला मला पटत नाही. सगळ्यांना चालेल असं लिहिणारे पुष्कळ आहेत. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न करणाऱ्या घरात सून नोकरीवरून येऊन सूर्यास्ताआधी काय रांधेल, हे कोण लिहिणार?

आता जरा कडू बोलते.

वाचक सगळ्यात पटकन जमतात ते घरातल्या भानगडींवर. जावेने काय म्हटलं, नणंदेचं लग्न का मोडलं. नाव घातलं नाही तरी गावात सगळ्यांना कळतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते पाठ केले. ते लिहिणाऱ्या बाईच्या नजरेने पुन्हा वाचा. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याचं गुपित उघड करणं. साकारमंत्रभेद म्हणजे चेहऱ्यावरून, हावभावावरून मनातलं ओळखून ते बाहेर सांगणं. कूटलेखक्रिया तर सरळ खोटं लिहिणंच. स्वतःचं दुःख जरूर लिहा, त्याने दुसरीला आधार मिळतो. पण जावेचं दुःख तिला न विचारता लिहायचं नाही. ती खोटी बातमी नसली तरीही.

आणि मिथ्योपदेश! "हे पाणी प्या, आठ दिवसांत शुगर उतरेल", "उपवासाने गाठ विरघळते". असले मथळे दिले की वाचक धावत येतात, हे खरं आहे. पण वाचणारी एखादी सत्तर वर्षांची आजी त्या दिवसापासून गोळी बंद करते, आणि घरात कुणाला पत्ता नसतो. उपवास आपण कर्मनिर्जरेसाठी करतो. त्याला औषधाचं लेबल लावून वाचक मिळवणं मला धर्माचीही थट्टा वाटते. गोळ्या चालू असताना उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, एवढं वाक्य तरी लिहावं.

"मग वाचक कमीच राहतील," असं माझी एक मैत्रीण म्हणते. राहतील काही दिवस. पण जी बाई विचारते, "माझं पीठ सैल झालं, आता काय करू?", तिला त्याच संध्याकाळी उत्तर द्या. ती पुढच्या वेळी बहिणीला घेऊन येते. शंभर अनोळखी लोकांच्या 'छान छान'पेक्षा मला असा एक प्रश्न जास्त आवडतो.

तर आता पर्युषण जवळ आलंय. एकाशनाच्या दिवशी तुमच्या घरी काय रांधतात ते मला कळवा. आईचं माप असेल तर वाटीतच सांगा. जे येईल ते आधी माझ्या स्वयंपाकघरात करून बघेन आणि मगच इथे लिहीन.